उरलेल्या पिवळ्या चिंध्या

४ जानेवारी

भिंगरी,

तुझी चिठ्ठी मिळाली. एक ओळ! "आईबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही." दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून दात उपटतेस, हात दुखत असेल, मान्य. पण मावशीला लिहिताना दुसरी ओळ जड झाली? बरी आहेस का, जेवतेस का, काही नाही.

ही चिठ्ठी मी तुझ्या आईच्या कचेरीत दाखवलेली नाही. ताईवर पुस्तिका काढणार आहेत ते लोक, आणि नव्या प्रशिक्षण इमारतीला तिचं नाव द्यायचं घाटतंय. मुलीच्या चार शब्दांची वाट बघत बसलेत. मी सांगितलं, पोस्टात उशीर होतोय. आई गेली तेव्हा तू आली नाहीस, तेव्हाही मीच सांगितलं होतं, गाडी चुकली म्हणून. तुझ्यापायी किती गाड्या चुकवू मी?

पुस्तिका मरो. माझं दुसरं काम आहे तुझ्याकडे, आणि ते टाळता येणार नाही. नीट वाच.

तू नऊ वर्षांची असताना ताईनं डोंगरातल्या तिन्ही वस्त्यांच्या जमिनीची हद्द आखली. आम्ही आदिवासी इथे सगळ्यांच्या आधीपासून आहोत हे सरकारनं तेव्हा पहिल्यांदा कबूल केलं. जिथवर तुमची वहिवाट तिथवर जमीन तुमच्या नावावर, म्हणाले, फक्त ठरल्या तारखेच्या आत नकाशा द्या. बाकीचे अधिकारी खुर्चीत बसून रेघा मारत होते. तुझ्या आईचा नियम तुला माहीत आहे: पायानं बघितलेलंच कागदावर. म्हणून पुढे वरच्या वस्तीचा म्हातारा वाटाड्या, मागे ताई, मग मोजणीदार, आणि शेवटी पिवळ्या चिंध्यांचं गाठोडं घेऊन तू. जुनी चादर फाडून केलेल्या चिंध्या. हद्द वळली की काठी रोवायची आणि तू एक चिंधी काढून द्यायचीस. शाळा बुडाली म्हणून खूश होतीस.

त्या नकाशात वरच्या वस्तीचा झरा सुटला. मोठ्या खडकापासून रेघ सरळ ओढ्याच्या फाट्यापर्यंत गेली आणि झरा पलीकडे राहिला. नकाशात नाही म्हणून तिथे कधी टाकी मंजूर झाली नाही, नळ आला नाही. लोक डोक्यावरून पाणी आणत राहिले. आता पलीकडची जमीन एका मळेवाल्यानं भाड्यानं घेतलीय आणि झऱ्याभोवती तार ओढलीय. बायका ओढ्यावर उतरतात, चढून येईपर्यंत अर्धा दिवस जातो. ३० तारखेला शेवटची सुनावणी. त्या दिवशी रेघ बदलली नाही तर पुढची तीस वर्षं झरा मळेवाल्याचा.

घोडं कुठे अडलंय ते सांगते. नकाशाखाली छापील ओळ आहे, "हद्द प्रत्यक्ष चालून पाहिली", आणि तिच्याखाली ताईची सही. तेवढा तुकडा चाललेला नव्हताच, असं ताईनं जिवंतपणी नऊ अर्जांत लिहून दिलं. वरून दर वेळी एकच उत्तर: सही करणारीच आता नाही म्हणते, तिचा शब्द कसा धरायचा? सोबत असलेल्या कुणाचा तरी जबाब आणा. वाटाड्या गेला. मोजणीदार गेला. राहिलीस तू.

तर त्या दिवशी काय झालं ते आठवेल तसं लिही, सही कर आणि पाठव. फोन करू नकोस. फोनवर तू "बरं मावशी" म्हणून ठेवून देतेस. शिवाय फोनवर मला थापा मारता येतात. कागदावर माझा हात अडतो, चौथीतच शाळा सुटली त्याचा एवढा एक फायदा.

तुझी मावशी


१३ जानेवारी

भिंगरी,

जबाब पोचला. अक्षर सुंदर आहे. डॉक्टर लोकांचं वाचता येत नाही म्हणतात, तुझं आलं.

तू लिहिलंयस: "मोठ्या खडकाजवळ मला ताप भरला. माझ्या मावशीने मला पाठीवर घेऊन डोंगर उतरवला आणि दवाखान्यात नेले. आई थांबली नाही, ती मोजणीसोबत पुढे गेली. मला जाग आली तेव्हा उशाशी मावशी होती." आणि शेवटी वर तोरा: "हा जबाब मी आईसाठी नव्हे, मावशीने सांगितले म्हणून देत आहे."

हा कागद मी दिलेला नाही. कोठीत पिठाच्या डब्याखाली ठेवलाय. अगं, आई पुढे गेली असं तू लिहिलंस म्हणजे हद्द चालली गेली. मग रेघ खरी, सही खरी आणि झरा मळेवाल्याचा. तुझ्या सहीनं.

तेव्हा पुन्हा लिही. आई पुढे गेली हे तू डोळ्यांनी बघितलंस का? डोळे उघडे होते का तुझे? तापात माणसाला काहीबाही दिसतं. बघितलं असशील तेवढंच लिही, बाकीचं सोडून दे.

इथे माझं डोकं ठिकाणावर नाही. काल वसतिगृहाच्या पोरींना करपलेलं वाढलं. एक टवळी म्हणते, "मावशी, आज धुराची चव आलीय." म्हटलं, "उद्या नुसता धूरच देते, ताट घेऊन ये." हसत सुटल्या सगळ्या. दीडशे पोरी आहेत आता. ताईनं सुरू केलं तेव्हा अकरा होत्या, आणि त्यातल्या चार पहिल्याच आठवड्यात पळून घरी गेल्या. ताई स्वतः डोंगर चढून त्यांना घेऊन आली. ओरडली नाही. त्यांच्या आयांना म्हणाली, "तुम्हीच या चार दिवस राहायला, कुठे ठेवलंय ते बघा." त्या आल्या आणि महिनाभर हलल्या नाहीत. स्वयंपाक माझा, खाणं त्यांचं.

ती डोंगरातली पहिली शिकलेली मुलगी, हे कचेरीवाले पुस्तिकेत घालणारच आहेत. तिनं टेबल बाहेर काढलं ते घालणार नाहीत. आपली माणसं कचेरीचा उंबरा ओलांडायला बुजायची, दारातून परत जायची. एका सकाळी तिनं शिपायाला दुसरी बाजू धरायला लावली आणि टेबल उचलून झाडाखाली नेलं. साहेबानं लेखी ताकीद दिली. त्या कागदावर ती रोज चहाचा कप ठेवायची, गोल डाग पडून पडून साहेबाची सही पुसली गेली. निवृत्त होईपर्यंत टेबल झाडाखालीच होतं. पावसाळ्यात वर पत्रा.

हे तुला सांगून काय उपयोग? तू म्हणशील, झाडाखाली बसायला वेळ होता, माझ्याजवळ बसायला नव्हता. बरोबर आहे तुझं.

परवा वरच्या वस्तीची म्हातारी भाजी घेऊन आली होती, वाटाड्याची बायको. टोपली आपटली आणि म्हणाली, "तुझी बहीण सगळ्यांचं करून गेली. आमचंच तेवढं विसरली."

"विसरली नाही ती," मी म्हटलं.

"मग काय झालं? माझा म्हातारा मरेपर्यंत बोलला नाही. विचारलं की म्हणायचा, बाईनं सांगू नको म्हटलंय."

"मला काय माहीत? मी होते का तिथे?"

मी भाजी निवडायला घेतली.

जबाब लवकर पाठव.

मावशी


१९ जानेवारी

भिंगरी,

फोनवर तुझा निरोप वाचला. "दुसरं काय लिहू? तूच लिही ना. तूच तर होतीस तिथे."

मी नव्हते.

पाच दिवस झाले, हे दोन शब्द तोंडात घेऊन फिरतेय. आता लिहिले. उरलेलंही लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा हात लागणार नाही.

त्या दिवशी मी खाली घरी होते. डोंगरावर गेलेच नव्हते. तुला पाठीवर घेऊन उतरवलं ते ताईनं. मोठ्या खडकापाशी तुला ताप चढला आणि आकडी आली. मोजणीदार म्हणाला, "बाई, आजच्या दिवसात संपवायचंय, परवा कागद पोचला पाहिजे. पोरीला म्हाताऱ्याबरोबर पाठवा." ताईनं हातातली काठी टाकली. तुला चादरीनं पाठीला बांधलं आणि सुटली. हे वाटाड्यानं मला नंतर सांगितलं. त्याला तिच्या मागे पळवेना. चार तासांची वाट तिनं किती वेळात उतरली देव जाणे. दवाखान्याच्या पायरीवर पोचली तेव्हा तिचे गुडघे फुटले होते, पायात एकच चप्पल होती. डॉक्टर म्हणाला, अजून तासभर उशीर केला असता तर मी काही करू शकलो नसतो.

दोन दिवस, दोन रात्री ती तुझ्याजवळ होती. मग मी पोचले. तिसऱ्या दिवशी सकाळी मोजणीदार दारात येऊन उभा. उरलेला तुकडा त्यानं टेबलावर बसून सरळ रेघेत जोडून आणला होता. "सही करा, नाहीतर तिन्ही वस्त्यांचा नकाशा बाद होईल. झऱ्याचं नंतर दुरुस्त करून घेऊ." दवाखान्याच्या बाकावर बसून ताईनं "चालून पाहिली" खाली सही केली आणि कागद द्यायला त्याच्याबरोबर गेली. सगळ्या आयुष्यात तिनं खोटी सही केली ती तेवढी. दोन वस्त्यांची जमीन त्या सहीनं वाचली. तिसरीचा झरा गेला.

ती गेली आणि तासाभरात तू डोळे उघडलेस. मला बघून हसलीस. म्हणालीस, "मावशी, तू मला पाठीवर आणलंस?"

मी हो म्हटलं.

का म्हटलं ते विचारू नकोस. नाही, विचार. तुझ्या आईच्या मागे अख्खा डोंगर होता. पोरं, म्हातारी, कुणीही तिला हाक मारायचं. माझं मूल राहिलं नव्हतं, तुझे काका तेव्हाही दिवसाला तीन शब्द बोलायचे आणि आजही तेवढेच. आणि एक पोर माझ्याकडे बघून हसत होती. वाटलं, संध्याकाळी खरं सांगू. संध्याकाळी तू माझं बोट धरून झोपलीस.

ताईला कळलं. तूच तिला सांगितलंस, "मावशीनं आणलं मला, तू कुठे होतीस?" तिनं माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता ती बोलणार, आणि मी मेले. तिनं तुझं पांघरूण सारखं केलं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर म्हणाली, "राहू दे. खरं सांगायचं तर झऱ्याचंही सांगावं लागेल. पोरीच्या डोक्यावर झरा ठेवायचा नाही."

ते तिचं म्हणणं होतं. मला ते सोयीचं पडलं. सव्वीस वर्षं मी त्याच्या आड बसले. तिला शब्द दिलाय, म्हणून स्वतःला सांगत राहिले, आणि दर सुट्टीत तू घर सोडून माझ्याकडे यायचीस ते घेत राहिले. तुझ्या पहिल्या पगाराची शाल तू मला दिलीस. ताईच्या देखत. मी घेतली.

सुट्टीच्या दिवशी आई घरात नसायची म्हणून तुझा सगळ्यात जास्त राग. कुठे जायची ठाऊक आहे? वरच्या वस्तीला. टाकी मंजूर होईना म्हणून तिनं माणसं जमवून दगडी पायऱ्या बांधायला घेतल्या, झऱ्यापासून वस्तीपर्यंत, बायकांचे पाय घसरू नयेत म्हणून. चौदा वर्षं लागली. एकदा काम अर्धं टाकून ती घरासाठी धावली होती. त्यानंतर अर्धं टाकायला ती घाबरायची, असं मला वाटतं. तिनं तसं कधी म्हटलं नाही. तुझ्या वाट्याला ते आलं, हे मला दिसत होतं. मी गप्प बसले.

ते नऊ अर्ज काल मी पेटीतून काढून बघितले. "चालणे अर्धवट राहण्याचे कारण" असा रकाना आहे. नऊही अर्जांत तिथे एकच शब्द: वैयक्तिक. मुलगी आजारी होती एवढं लिहिलं असतं तर कदाचित पहिल्याच अर्जात काम झालं असतं. पण अर्जाची नक्कल वस्तीत वाचून दाखवायची, हाही नियम तिचाच.

आता हे सगळं तुझ्या हातात देतेय. शिव्या घाल. पण जबाब पाठव. आणि माझ्या सांगण्यावरून लिहू नकोस. तुला जे खरंच आठवतं ते लिही, तापातलं असलं तरी चालेल. दवाखान्यात तुझ्या मुठीत चिंध्या होत्या, मीच बोटं उघडून सोडवल्या. माझ्या पेटीत आहेत. किती आहेत ते मी सांगणार नाही. तुला आठवलं तर तू लिही.

तुझी मावशी. म्हणायचं असलं तर.


२७ जानेवारी

भिंगरी,

आठ दिवस झाले. पोस्टमन मला बघून आता लांबूनच मान हलवतो.

मी तुला घाई करायला लिहीत नाही. खरं तर घाई करायलाच लिहितेय, तीन दिवसांवर सुनावणी आहे. तुझे काका काल म्हणाले, "पोरगी रागावली असेल." दिवसाचे तिन्ही शब्द त्यातच संपवले, पण बरोबर बोलले.

जबाब नाही आला तर मी स्वतः उभी राहून सांगणार आहे, जे तुला लिहिलं तेच. मी बघितलेलं नाही म्हणून ते धरणार नाहीत, हे माहीत आहे. तरी सांगणार. वरच्या वस्तीची माणसं बसलेली असतील. त्यांना तरी कळू दे.

मावशी


१२ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पाकीट २९ ला दुपारी आलं. आत कचेरीच्या नावाचं बंद पाकीट आणि माझ्यासाठी काही नाही. उलटं करून झटकलं. काही नाही. ठीक आहे.

सुनावणीत साहेबानं ते मोठ्यानं वाचलं, ताईचा नियम म्हणून. मी मागच्या बाकावर होते, वाटाड्याची बायको शेजारी. तू काय लिहिलंस ते तुला आठवत असेल, तरी मी लिहिते, कारण मला ते पाठ झालंय.

"मला वेणी आठवते. कुणाच्या तरी पाठीवर होते आणि मी ओली वेणी धरून ठेवली होती. मी ती मावशीची समजत होते. हातातल्या चिंध्यांतली एक वाटेत पडली, मी रडले, पण ती उचलायला कुणी थांबले नाही. त्यानंतर माझ्या हातात सात राहिल्या. मी त्या मोजत होते, कारण आई म्हणाली होती, मोजत राहा, झोपू नकोस."

हे मोजत राहण्याचं मला आधी ठाऊक नव्हतं. ताईनंही कधी सांगितलं नाही.

माझे केस त्या वर्षी विषमज्वरानं गेले होते. वेणी कुठली, खांद्यापर्यंतही पोचत नव्हते. तुला ते माहीत होतं, मला भादरलेलं डोकं म्हणून चिडवायचीस. म्हणजे इतकी वर्षं तुझ्या हाताला माहीत होतं.

मी उठले आणि पेटीतल्या चिंध्या टेबलावर ठेवल्या. साहेबानं मोजल्या. सात. मळेवाल्याचा वकील म्हणाला, "चिंध्या कुणीही आणेल." तर म्हातारी जागची उठली. "आणेल ना. पण आकडा आधी पाकिटात लिहून पाठवला तो कुणी? तुझ्या मालकानं?" सगळी कचेरी हसली. साहेबही हसला, मग तोंड पुसलं. मग मला विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं हे का बोलला नाहीत?" मी सांगितलं. सगळ्यांसमोर. लांबलचक नाही, तुला लिहिलं तेवढंच. म्हातारीनं माझा हात वगैरे धरला नाही. तिनं नुसतं थोडं सरकून मला बाकावर जागा दिली.

हुकूम असा झाला: तो तुकडा नव्यानं चालायचा. खोट्या सहीचं प्रकरण झालं म्हणून इमारतीला नाव देणं लांबणीवर टाकलंय. मी म्हटलं, टाका. भिंतीची घाई नाही आम्हाला.

परवा चाललो. मोजणीदार नवा, तरणाताठा, चकचकीत बूट घातलेला. पहिल्या चढावरच त्याच्या टाचा सोलल्या. मी पहिल्यांदा गेले वर. या वयात, या गुडघ्यांनी. मोठ्या खडकापासून हद्द सरळ जात नाही, झऱ्याला वळसा घालून, जुन्या झाडांच्या मागून, पुन्हा ओढ्याकडे येते. अकरा वळणं. चिंध्या सात. उरलेल्या चार मी माझा स्वयंपाकाचा एप्रन फाडून दिल्या, हळदीचे डाग होते म्हणून रंग जवळपास जुळला. शेवटची म्हातारीनं बांधली. झऱ्याची तार पुढच्या आठवड्यात निघेल.

ताईच्या पायऱ्या तिथेच आहेत. एकशे बारा. मी मोजत चढले. झोप येत होती म्हणून नव्हे.

म्हातारीनं वर जाऊन पाणी दिलं. थंड होतं. तुझ्यासाठी बाटलीत भरून घेतलं होतं, पण पोस्टवाला घेत नाही म्हणतो.

पुस्तिकेला तुझे चार शब्द अजून हवे आहेत त्यांना. मी आता थाप मारणार नाही. लिहिलंस तर लिही, नाहीतर तुझ्या नावाचं पान कोरं छापा म्हणून सांगेन.

आणि ये. राग घेऊन ये, तो ठेवायला घरात जागा आहे. पण झरा बघायचा तर वरपर्यंत पायानंच जावं लागेल. दमलीस तर बसत बसत चढ. पाठीवर घ्यायला आता कुणी नाही, आणि मी तर तेव्हाही घेतलं नव्हतं.

मावशी